26 आठवडे 5 दिवस

गर्भपाताच्या प्रश्नात मी पोटातल्या जिवाच्या बाजूने उभी राहणारी आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला फसवल्यासारखं वाटायला नको. ज्या एका प्रकरणात आमची बाजू जिंकली असं मानलं गेलं, तेच इथे निवडलं आहे. कारण ते जितक्या वेळा वाचते, तितक्या वेळा निकाल मला पटतो आणि तितक्याच वेळा आमच्या बाजूची थोडी लाज वाटते.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयातलं, ऑक्टोबर 2023 मधलं. बाईंचं नाव गुप्त ठेवलेलं आहे, आपणही त्यांना बाईच म्हणू. वय 27. पदरात दोन मुलं, धाकटं जेमतेम वर्षाचं. या धाकट्याच्या बाळंतपणानंतर त्यांना मानसिक आजार जडला आणि ऑक्टोबर 2022 पासून उपचार सुरू झाले. बाळ अंगावर पीत होतं, पाळी परत सुरू झालेली नव्हती, त्यामुळे दिवस गेले असतील ही शंकाच आली नाही. कळलं तेव्हा 24 आठवड्यांचा टप्पा आलेला होता. डॉक्टरांनी कायद्याकडे बोट दाखवलं आणि बाई नवऱ्यासह थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिसरं मूल वाढवण्याची मनाची ताकद नाही, पैशांचीही नाही, असं त्यांनी प्रतिज्ञापत्रावर सांगितलं.

या आजाराबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण बातम्यांमध्ये त्याला सरसकट 'नैराश्य' म्हटलं गेलं. बाळंतपणानंतर रडू येणं, उदास वाटणं हे बऱ्याच जणींना होतं. हा आजार, डॉक्टरांच्या भाषेत 'पोस्टपार्टम सायकोसिस', त्याहून वेगळा आणि कितीतरी उग्र आहे. 1000 बाळंतिणींत एखाद-दुसरीला तो होतो. झोप उडते, भास होतात, कुणीतरी आपल्या किंवा बाळाच्या वाईटावर आहे अशी खात्री वाटू लागते. कधी स्वतःला, कधी बाळालाच इजा करावी असे विचार येतात. घरात याला 'बाहेरचं काहीतरी' म्हणून अंगारे-धुपारे सुरू होतात आणि मोलाचे दिवस वाया जातात. एकदा तो झालेल्या बाईला पुढच्या बाळंतपणात तो उलटण्याचा धोका मोठा असतो. म्हणजे या बाई तिसऱ्या बाळंतपणाला घाबरत होत्या, तर ती भीती लहरीतून आलेली नव्हती. एकदा त्या आगीतून गेलेल्या बाईला आग कशी असते हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आता कायदा. भारतात गर्भपाताचा कायदा 1971 चा. त्याआधी शांतिलाल शाह समितीने 1966 मध्ये अहवाल दिला होता. चोरून, घाणेरड्या हत्यारांनी होणाऱ्या गर्भपातांत बाया मरत होत्या, हे त्यामागचं मोठं कारण. 2021 च्या दुरुस्तीनंतर आजची रचना अशी आहे: 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात होऊ शकतो. 20 ते 24 आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि तेही ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेली, अपंग, मानसिक आजार असलेली आणि आणखी काही. 24 आठवड्यांनंतर दोनच दारं उघडी राहतात. गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने सांगितलं तर, किंवा आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने करणं भाग असेल तर.

यादीत 'मानसिक आजार' आहे, तिथे क्षणभर थांबा. या बाई दोन-तीन आठवडे आधी आल्या असत्या तर कायद्याने त्यांना बहुधा अडवलं नसतं. तोच गर्भ, तेच ठोके, तीच आई. मला कायद्याची ही कॅलेंडरवरची नीती कधीच पटलेली नाही, आणि या प्रकरणात ती दोन्ही बाजूंनी क्रूर वाटते. 23 व्या आठवड्यात पोटातल्याला काही किंमत नाही आणि 25 व्या आठवड्यात आईच्या आजाराला काही किंमत नाही, असा त्याचा हिशेब झाला.

तो ई-मेल

9 ऑक्टोबरला न्या. हिमा कोहली आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने एम्सच्या मंडळाचा अहवाल पाहून परवानगी दिली. बाईंचं ऐकून घेतलं, त्यांच्या निर्णयाला मान दिला. प्रकरण इथेच संपलं असतं. पण 10 तारखेला एम्सच्या वैद्यकीय मंडळातल्या एका डॉक्टरने सरकारी वकिलांना ई-मेल पाठवला.

त्यात वादाचा आव नव्हता. डॉक्टरचं म्हणणं इतकंच: गर्भ जगू शकेल अशा अवस्थेत आहे. या वयात गर्भपात करायचा तर आधी पोटातच त्याचं हृदय थांबवावं लागतं. गर्भात मोठं व्यंग असेल तेव्हा आम्ही ते करतो, निरोगी गर्भाच्या बाबतीत सहसा करत नाही. हृदय न थांबवता कळा आणल्या तर बाळ जिवंत जन्मेल, मग तो गर्भपात राहणार नाही, ती वेळेआधीची प्रसूती होईल. बाळाला अतिदक्षता विभागात ठेवून वाचवायचा प्रयत्न करावा लागेल, आणि इतक्या लवकर जन्मल्यामुळे त्याला शरीराचं, मेंदूचं कायमचं अपंगत्व येण्याची शक्यता खूप आहे. तर आम्ही काय करावं, ते न्यायालयाने सांगावं.

मला हा ई-मेल सगळ्या प्रकरणातला सर्वांत प्रामाणिक कागद वाटतो. आपण 'गर्भपात', 'परवानगी', 'प्रक्रिया' असे गुळगुळीत शब्द वापरतो. प्रत्यक्षात कुणाच्या तरी हातात सुई असते. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत ती आईच्या पोटातून गर्भाच्या हृदयापर्यंत न्यायची आणि पोटॅशियम क्लोराइड सोडायचं. ठोके थांबल्याची खात्री करायची आणि मग कळा आणायच्या. हे वर्णन अंगावर येण्यासाठी केलेलं नाही. ज्याला हे हाताने करायचं आहे त्याने 'नक्की हेच करायचं ना?' असं विचारलं, तर तो आगाऊपणा नाही, एवढंच दाखवायचं आहे.

सरकारच्या वतीने अतिरिक्त सॉलिसिटर जनरल ऐश्वर्या भाटी हा ई-मेल घेऊन सरन्यायाधीशांकडे गेल्या. मूळ खंडपीठाला हे आवडलं नाही. एका खंडपीठाचा आदेश असताना रीतसर अर्ज न करता दुसरीकडे जाणं बरोबर नाही, असं न्या. नागरत्ना यांनी सुनावलं, आणि त्यात तथ्य होतं. बाजू माझ्या मनासारखी असली तरी पद्धत वाकडी असू शकते.

11 तारखेला त्याच दोघी न्यायमूर्ती पुन्हा बसल्या आणि त्यांच्यात मतभेद झाला. न्या. कोहली म्हणाल्या, ज्या गर्भात जीव आहे त्याचे ठोके थांबवा असं कोणतं न्यायालय सांगेल? आपली सदसद्विवेकबुद्धी याला परवानगी देत नाही. न्या. नागरत्ना आधीच्या आदेशावर ठाम राहिल्या. बाईंनी विचार करून निर्णय घेतला आहे, गर्भ आईवर अवलंबून आहे, त्याला आईपासून वेगळी व्यक्ती मानून तिच्या इच्छेविरुद्ध उभं करता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

प्रकरण तीन न्यायमूर्तींकडे गेलं: तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जे. बी. पारडीवाला, न्या. मनोज मिश्रा. त्यांनी एम्सकडून आणखी एक अहवाल मागवला. गर्भात व्यंग आहे का? बाईंच्या औषधांचा गर्भावर परिणाम झाला असेल का? गरोदरपणात चालतील अशी दुसरी औषधं आहेत का? उत्तरं आली: व्यंग दिसत नाही, आणि औषधं बदलून उपचार चालू ठेवता येतील. 16 ऑक्टोबरला निकाल लागला. गर्भ अंदाजे 26 आठवडे 5 दिवसांचा आहे, व्यंग नाही, आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही, त्यामुळे कायद्यात बसत नाही. राज्यघटनेच्या कलम 142 खाली 'संपूर्ण न्याया'साठी असलेला विशेष अधिकार ठोके थांबवण्यासाठी वापरणार नाही. प्रसूती एम्समध्ये, खर्च सरकारचा. मूल दत्तक द्यायचं असेल तर सरकार मदत करेल, निर्णय आईवडिलांचा.

अवलंबून असण्याबद्दल

न्या. नागरत्ना यांचा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. आमच्या बाजूचे बरेच लोक तो झटकतात, म्हणून जरा सविस्तर.

गर्भ आईवर अवलंबून आहे हे खरं. आईच्या रक्तावर, श्वासावर, झोपेवर. त्याचं हित आणि तिचं हित कागदावर वेगळं मांडलं तरी शरीर एकच. त्यांचं म्हणणं असं की एवढं अवलंबून असलेल्याला स्वतंत्र हक्क कसा मानायचा? मी नेमकं उलटं वाचते. माझ्या मते अवलंबून असणं हे हक्क कमी करणारं कारण नाही. असलंच तर ते इतरांचं कर्तव्य वाढवणारं आहे. ओली बाळंतीण अवलंबून असते, अंथरुणाला खिळलेला म्हातारा अवलंबून असतो, आणि भास होत असताना रात्री दार उघडून बाहेर पडू पाहणारी एखादी बाईसुद्धा अवलंबूनच असते. आपण जितके दुबळे, तितकं आपलं मोल कमी, असं एकदा मान्य केलं की त्या तराजूत सर्वांत आधी आजारी माणसंच बसतील.

'जगू शकेल इतका वाढलेला' या कसोटीबद्दलही माझं हेच. निकालाचा बराच भार या कसोटीवर होता. पण बाळ किती आठवड्यांचं झालं की जगेल, हे बाळावर कमी आणि जवळच्या इस्पितळातल्या यंत्रांवर जास्त ठरतं. जिथे नवजात अतिदक्षता विभाग आहे तिथे 26 आठवड्यांचं मूल वाचू शकतं, जिथे साधा वॉर्मर बंद पडलेला आहे तिथे 34 आठवड्यांचंही हातचं जातं. जिवाचं मोल यंत्र किती लांब आहे यावर ठरत असेल, तर ते मोल नव्हे, ती सोय झाली. म्हणून माझा जीव 24 व्या किंवा 26 व्या आठवड्याला अडकत नाही. तो त्याच्याही मागे जातो, आणि इथे माझ्याशी सहमत नसणारे बरेच वाचक असतील हे मला ठाऊक आहे.

मात्र माझ्या युक्तिवादात एक भोक आहे, ते मीच दाखवते. 'अवलंबून असलेल्याप्रति इतरांचं कर्तव्य' असं म्हणताना मी 'इतर' असं अनेकवचन वापरलं. या प्रकरणात ते सगळं एकवचनात एका आजारी बाईवर पडलं. न्यायालय, एम्स, सरकार, आमच्यासारखे लिहिणारे, सगळ्यांनी मिळून तिला सांगितलं की अजून काही आठवडे कळ काढा. हिशेब केला तर नऊ महिने भरणार होते जानेवारी 2024 च्या मध्यावर. म्हणजे 16 ऑक्टोबरपासून तेरा आठवड्यांहून थोडे जास्त. सुनावणीत हा काळ 'थोडाच' वाटला. ज्या घरात वर्षाचं मूल रांगतंय, आई अर्ध्या रात्री उठून बसते आणि औषधं नुकतीच बदललेली आहेत, त्या घरात तेरा आठवडे म्हणजे काय, हे घड्याळाला कळत नाही.

निवडीची भाषा वापरणाऱ्यांना आणि जिवाची भाषा वापरणाऱ्यांना एकत्र आणणारा एक जुना निकाल आहे, तो इथे आठवतो. 2009 मध्ये चंडीगडच्या एका सरकारी संस्थेत राहणारी, बौद्धिक अपंगत्व असलेली अनाथ मुलगी बलात्कारातून गरोदर राहिली. उच्च न्यायालयाने तिच्या 'भल्यासाठी' गर्भपाताचा आदेश दिला. तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश थांबवला आणि म्हटलं की स्त्रीच्या निवडीत मूल होऊ देण्याचाही हक्क येतो. त्याच निकालात, होणाऱ्या मुलाच्या जिवाचं रक्षण करण्यात राज्याचं हित आहे, असंही म्हटलेलं आहे. तिथे आईची इच्छा आणि बाळाचा जीव एका बाजूला होते, म्हणून निकाल सोपा वाटतो. 2023 च्या प्रकरणात ते समोरासमोर आले. अशा वेळी कुणीतरी हरतंच. हरणाऱ्याच्या मागे कोण उभं राहतं, हा मग खरा प्रश्न उरतो.

तिसऱ्या मुलाचा हिशेब

आमच्या बाजूने हा भाग कुणी लिहीत नाही.

न्यायालयाने सांगितलं, हे मूल जन्माला येऊ द्या. ठीक. आता हे मूल जन्मल्यावर सरकारच्या इतर कपाटांत काय आहे ते बघू. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी 5000 रुपये मिळतात, दुसरं मूल मुलगी असेल तर 6000. तिसऱ्यासाठी काही नाही. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनंतर नोकरदार बाईला 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, पण पहिल्या दोन मुलांपुरती. तिसऱ्या वेळी 12 आठवडे. जणू तिसऱ्या बाळंतपणात टाके निम्म्या वेळात भरतात. महाराष्ट्रात तर तिसरं मूल झालं की सरकारी नोकरीच्या अर्जाला 2005 च्या लहान कुटुंबाच्या नियमांची आडकाठी येते आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीलाही उभं राहता येत नाही. अपत्य मर्यादित ठेवण्यामागचा विचार मला कळतो. पण एकाच राज्यव्यवस्थेने एका दारातून 'या जिवाला हात लावू देणार नाही' म्हणायचं आणि दुसऱ्या दारातून 'हा जीव मोजणार नाही' म्हणायचं, हे दोन्ही एकाच आईला ऐकावं लागतं.

दत्तक देण्याची वाट निकालाने दाखवली. बाहेरून ती फार सोपी वाटते: मूल नको असेल तर देऊन टाका, मूल नसलेली जोडपी वर्षानुवर्षं रांगेत उभी आहेतच. कागदावर वाट नीट आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार आईवडिलांनी बालकल्याण समितीपुढे यायचं, समुपदेशन व्हायचं, समर्पणपत्रावर सही करायची आणि मग फेरविचाराला 60 दिवस. त्यानंतर मूल दत्तकासाठी मोकळं. पण ही वाट चालणाऱ्या बाईचा विचार करा. नऊ महिने पोट दिसलेलं आहे. शेजारणीने विचारलेलं आहे. घरी रिकाम्या हाताने आलेल्या बाईला गाव काय म्हणतं ते आपल्याला सांगायला नको. गर्भपात गुपचूप होतो, दत्तक देणं चारचौघांत होतं. एखादीने पोट पाडलं तर कुणाला कळत नाही, आणि मूल जगवून दुसऱ्याच्या हाती दिलं तर ती 'दगडाच्या काळजाची' ठरते. जिवाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या एका गोष्टीवर दहा वर्षं काम केलं असतं, तर कितीतरी याचिका कोर्टापर्यंत गेल्याच नसत्या, असं मला वाटतं.

आपल्याकडे हे काम एकदा झालेलं आहे, तेही कोणत्याही परदेशी वादाची सावली पडण्याच्या कितीतरी आधी. 1863 मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांना, फसवल्या गेलेल्या बायकांना तिथे येऊन गुपचूप बाळंत होता येत असे. मूल न्यावं की ठेवून जावं, हे तिच्यावर. नाव विचारलं जाणार नाही. तिथे बाळंत झालेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला आणि 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंबरोबर रुग्णांची सेवा करत होता. त्याच प्लेगात सावित्रीबाई गेल्या. मला या गृहातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं की त्यांनी बाईला आधी काही पटवून द्यायला सांगितलं नाही. ती चांगली की वाईट, चूक कुणाची, हे विचारलं नाही. दार उघडलं. मूल वाचलं ते आई वाचली म्हणून.

शिक्षेबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण 'गर्भाच्या बाजूचे' म्हटलं की बायकांना तुरुंगात टाकायला निघालेले, असं चित्र उभं राहतं. भारतीय दंड संहितेच्या कलम 312 मध्ये स्वतःच गर्भपात करून घेणारी स्त्रीसुद्धा गुन्हेगार धरली होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम 88 मध्ये तीच व्याख्या जशीच्या तशी आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, गर्भाची हालचाल सुरू झालेली असेल तर सात वर्षांपर्यंत. मी गर्भाला जीव मानते आणि तरीही या तरतुदीतला बाईविरुद्धचा भाग काढून टाकावा असं मला वाटतं. घाबरलेल्या, एकट्या, कुणी हाकलून दिलेल्या बाईला फौजदाराची भीती घातल्याने एकही मूल वाचत नाही. ती फक्त उशिरा येते, किंवा येतच नाही.

आधीचे महिने

उशिरा येण्यावरून पुन्हा या बाईंकडे येते. कोर्टातले ते दिवस सगळ्यांनी पाहिले. मला त्याआधीचे महिने दिसतात.

अंगावर पाजत असताना दिवस जात नाहीत, ही समजूत अर्धी खरी आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, दिवसरात्र फक्त अंगावरच पीत असेल आणि पाळी एकदाही आलेली नसेल, या तिन्ही अटी जुळल्या तरच ती बऱ्यापैकी भरवशाची. बाळाला वरचं अन्न सुरू झालं, सहा महिने उलटले, की भरवसा संपला. पाळी येण्याआधीच बीज सुटतं, त्यामुळे एकही पाळी न येता दिवस राहू शकतात. तारखा मागे मोजल्या तर या बाईंना दिवस गेले ते एप्रिल 2023 च्या अखेरीला, म्हणजे ती सुरक्षित मुदत सरून गेल्यावर. शिवाय मानसिक आजाराच्या काही औषधांनीही पाळी लांबते. अशी बाई महिन्याला तपासणीला जात असेल तर तिची लघवीची गर्भतपासणी ठरलेल्या वेळी होणं हा उपचाराचाच भाग असायला हवा. आशाताईंकडे 'निश्चय' नावाचं किट असतं, फुकट मिळतं. पाच मिनिटांचं काम.

जूनमध्ये ते कळलं असतं तर काय झालं असतं? कदाचित बाईंनी गर्भपात केला असता, आणि कायद्याने तेव्हा त्यांना रोखलं नसतं. मला ते आवडलं नसतं. तरी कळायला हवं होतं असंच मी म्हणेन. कारण तेव्हा औषधं वेळेवर बदलता आली असती, नवऱ्याशी, मानसोपचारतज्ज्ञाशी, घरातल्या मोठ्यांशी बोलायला वेळ मिळाला असता, मूल ठेवण्याचा विचारही भीतीच्या धक्क्यात न होता शांतपणे झाला असता. वेळ हातात असलेली बाई दोन्ही बाजूंनी विचार करू शकते. 25 व्या आठवड्यात कोर्टाच्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईला फक्त एकच वाक्य बोलायला उसंत असते.

या प्रकरणानंतर सहा महिन्यांनी असाच गोंधळ महाराष्ट्रातल्या 14 वर्षांच्या बलात्कारपीडित मुलीच्या बाबतीत झाला. 22 एप्रिल 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जवळपास 30 आठवड्यांच्या गर्भपाताला परवानगी दिली. मुलीला त्यातून धोका होईल या काळजीने आईवडिलांचं मन बदललं आणि 29 एप्रिलला आदेश मागे घेतला गेला. तिथे मी कुणालाच दोष देऊ शकत नाही, त्या आईबापांना तर अजिबात नाही. पण दोन्ही वेळा एकच दिसलं: प्रश्न कोर्टात पोचला तेव्हा चांगला म्हणावा असा एकही मार्ग शिल्लक नव्हता.

16 ऑक्टोबरच्या आदेशाच्या शेवटी मला काय हवं होतं, ते सांगते. प्रसूतीचा खर्च सरकारचा, हे होतंच. बाळंतपणानंतरच्या वर्षभराच्या मानसोपचाराचाही खर्च सरकारचा, आणि दर आठवड्याला घरी जाणारी एक परिचारिका. कारण हा आजार उलटला तर बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच उलटतो, इस्पितळातून घरी सोडल्यावर. आई दाखल झालीच तर मूल तिच्यापासून तोडायचं नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तीन वर्षांखालच्या मुलाला शक्यतो आईजवळच ठेवावं, असं म्हटलेलंच आहे, आणि बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आजारी आई आणि तान्हं बाळ एकत्र राहतील असा विभाग चालतो. थोरल्या दोघांसाठी दिवसभराच्या पाळणाघराची सोय. मूल द्यायचं ठरलं तर समर्पणाच्या दिवशी समितीच्या दारात बाईंबरोबर कुणीतरी बसलेलं. आणि ते 60 दिवस संपेपर्यंत, ठेवायचं की द्यायचं यावर तिला एकदाही घाई न करणारं एखादं माणूस. नाव, हुद्दा, फोन नंबर आदेशात लिहिलेला, म्हणजे रात्री दोन वाजता तिला कुणाला उठवायचं ते माहीत असेल.